दोन कंट्रोलरचा राउटर आणि एक न दाबलेले बटण

आमच्या मुंबईतील स्टुडिओसाठी आम्ही ७२ इनपुट आणि ७२ आउटपुटचा एक वापरलेला एसडीआय राउटर, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचे वा यंत्राचे डिजिटल व्हिडिओ सिग्नल कुठे पाठवायचे ते जोडून देणारे यंत्र, विकत घेतला. दोन सिस्टीम कंट्रोलर असून एक बंद पडल्यास दुसरा आपोआप काम हाती घेतो, असे विक्रेत्याच्या दरपत्रकात स्पष्ट लिहिले होते आणि किमतीचा मोठा भाग याच एका ओळीचा होता. ही ओळ खोटी होती. ती खरी भासवण्याची त्याची युक्ती अशी की, अनुभवी अभियंताही तिला सहज बळी पडावा.

प्रात्यक्षिकाच्या वेळी त्याने मॉनिटरवर कलर बार (चाचणीचे रंगीत पट्टे) लावले, दोन्ही कंट्रोलरवरचे हिरवे दिवे दाखवले आणि सर्वांच्या देखत चालू कंट्रोलरचे कार्ड ओढून बाहेर काढले. चित्र जराही हलले नाही. “बघा साहेब, दुसऱ्याने लगेच ताबा घेतला,” असे तो म्हणाला. वस्तुतः यातून काहीच सिद्ध होत नाही. कोणता इनपुट कोणत्या आउटपुटला जोडायचा, हा आदेश देण्यापुरतेच कंट्रोलरचे काम असते, १.४८५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाचा एचडी सिग्नल त्याच्यामधून जातच नाही, तो प्रत्यक्ष जोडणी करणाऱ्या क्रॉसपॉइंट कार्डमधून जातो, आणि बहुतेक राउटरमध्ये ते कार्ड शेवटचा आदेश धरून ठेवते. त्यामुळे दोन्ही कंट्रोलर काढून टाकले तरी वीजपुरवठा असेपर्यंत चित्र तसेच दिसत राहते. दुसरा कंट्रोलर खरोखर काम करतो का, हे बटणांच्या पॅनलवरून नवा सोर्स (इनपुट) निवडून ‘टेक’, म्हणजे बदल लागू करणारे बटण, दाबल्यावरच कळते. तेवढे एक बटण त्याने शिताफीने टाळले.

पुढे एका सायंकाळी, थेट कार्यक्रमाच्या तोंडावर, मुख्य कंट्रोलर बंद पडला. प्रक्षेपण चालू राहिले, पण एकाही पॅनलवरून स्विचिंग होईना, आणि महत्त्वाचे फीड पॅच-बेवर (केबल जोडण्याच्या सॉकेटांच्या फळीवर) हाताने जोडावे लागले. स्टँडबाय, म्हणजे राखीव दुसरा, कंट्रोलर तपासला असता त्यातील डेटाबेस पूर्ण रिकामा निघाला: सोर्स-डेस्टिनेशनची नावे नाहीत, व्हिडिओ-ऑडिओच्या लेव्हल (स्वतंत्रपणे जोडायचे थर) नाहीत, पॅनलच्या बटणांची मांडणी नाही. त्याचे फर्मवेअर (आतले अंगभूत सॉफ्टवेअर) इतके जुने होते की मुख्य कंट्रोलरशी त्याचे सिंक कधी झालेच नव्हते. हिरवा दिवा फक्त वीज पोहोचल्याचे सांगत होता.

खरी मग्रुरी यानंतर दिसली. कॉन्फिगरेशनचा बॅकअप विक्रेत्याजवळ होता, त्यावर पासवर्डही त्याचाच होता, आणि वार्षिक देखभालीचा करार केल्याशिवाय फाइल देणार नाही, असे त्याने कळवले. आमच्याच स्टुडिओची मांडणी आम्हालाच विकण्याचा हा प्रकार आम्ही नाकारला आणि केबलवरची लेबले व जुने आराखडे ताडून सारा डेटाबेस नव्याने बांधला.

दाद मागताना आणखी एक अडचण समोर आली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यावसायिक कारणासाठी वस्तू घेणारा सामान्यतः ग्राहक ठरत नाही, म्हणून वकिलांनी कराराच्या आधारे नोटीस पाठवली; मात्र खरेदी आदेशात ‘दुहेरी कंट्रोलर’ एवढेच दोन शब्द असल्याने विक्रेता आता ‘कार्डे दोन दिली आहेत’ असे उत्तर देतो. आमच्या नव्या खरेदी आदेशांत तीन अटी असतात: एक कंट्रोलर काढल्यावर पॅनलवरून ‘टेक’ घेऊन दाखवणे, दोन्हींचे फर्मवेअर एकच असणे, आणि अंतिम रकमेपूर्वी बॅकअप फाइल पासवर्डसह आमच्या ताब्यात देऊन ती रिकाम्या कंट्रोलरवर चढवून दाखवणे. हे ऐकताच दोन विक्रेत्यांनी दरपत्रक मागे घेतले.