कोकणात मॉडेल कारची किट्स: जवळजवळ वर्षभर आणि मधे एक अख्खा पावसाळा

मागच्या नोव्हेंबरात पहिलं किट, म्हणजे सुटे प्लास्टिकचे पार्ट जोडून रंगवायची छोटी गाडी, उघडलं, आता ऑक्टोबर संपत आलाय. मधे एक अख्खा पावसाळा जाऊन गेला म्हणून आत्ता लिहितोय, आधी लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं. सुरू करण्याआधी मी भरपूर रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ बघितले, पण ते सगळे कोरड्या गावातले, बंद खोलीत एसी लावून बसणारे. मी वेंगुर्ल्यात राहतो, घर चिऱ्याचं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. इथे हा छंद करायचा तर काय होतं ते सांगतो.

पहिलं किट तामियाचं मॉरिस मिनी कूपर, १/२४ स्केल. १/२४ म्हणजे खरी गाडी चोवीस पट लहान, मिनी मुळातच तीन मीटरच्या जरा वर, त्यामुळे मॉडेल जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, तळहातावर बसतं. नवीन माणसाला मी हेच सुचवेन, कारण पार्ट कमी आणि फिटिंग इतकं नेमकं की स्प्रूवरून (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) पार्ट कापला, टोक घासलं, जागेवर ठेवला की टक् करून बसतो. मिनीचा स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध असतो आणि या स्केलला तो डायल मुगाच्या दाण्याएवढा होतो. भिंगाखाली त्याची कड रंगवताना दोन तास कुठे गेले कळलंच नाही. जेवायला हाका मारून मारून आई शेवटी बघायला आली आणि तीही भिंग घेऊन बसली.

रंग लाल, टप पांढरा, मॉन्टे कार्लो रॅलीतल्या मिनीसारखा. या एवढ्याशा गाडीने ती रॅली १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा मारली, आणि १९६६ ला पहिल्या तिन्ही नंबरांवर मिनीच होत्या पण हेडलाइटच्या बल्बवरून तिघींनाही बाद केलं. हे वाचल्यापासून ते दोन गोल हेडलाइट बसवताना मला वेगळंच वाटायला लागलं.

मिनी जानेवारीत पूर्ण झाली, काही अडचण आली नाही. हवा कोरडी होती म्हणून आली नाही, हे मला जूनमध्ये कळलं.

ग्लूबद्दल आधी सांगतो कारण इथे सगळ्यांची गल्लत होते. तामियाचा एक्स्ट्रा थिन सिमेंट येतो, हिरव्या झाकणाची ४० मिलीची बाटली, झाकणालाच ब्रश. तो चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवतो आणि दोन पार्ट एकजीव करतो. हे मला नीट समजलं ते मासेवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या पेटीवर एक थेंब सांडला तेव्हा, पेटीला लगेच भोक. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरिन आणि थर्माकोलही तेच, फक्त फुगवलेलं. म्हणून सिमेंट नेमका कमी लावायचा, दोन पार्ट आधी जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक टेकवायचं, तो आपोआप आत धावतो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मात्र बॉडीला लावू नका, तोही प्लास्टिक खातो.

काचांना इन्स्टंट ग्लू अजिबात नको. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याबरोबर मिळून पारदर्शक पार्टवर पांढरी झाक बसवते, आणि आमच्याकडे ओलाव्याला काय तोटा. पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकाने लावा, वाळल्यावर दिसतही नाही.

आता मुख्य गोष्ट. दुसरं किट फोक्सवॅगन बीटल, १३००, १९६६ मॉडेलची. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, रेडिएटर नाहीच. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल बनली तोपर्यंत दोन कोटी दहा लाखांच्या वर गाड्या निघाल्या होत्या. तिची बॉडी सगळी गोल आहे, सपाट जागा शोधून सापडत नाही, म्हणून रंग चांगला बसला की उजेड तिच्यावरून वाहतो. मी गडद निळा घेतला. जूनच्या शेवटी चार दिवस सलग पाऊस पडून दुपारी जरा उघडीप मिळाली, ऊन दिसलं, मी पडवीत हापूसच्या खोक्याचा स्प्रे बूथ मांडला आणि मारला कोट. पाच मिनिटांत निळ्यावर दुधासारखी साय आली, टपावर सगळ्यात जास्त. मला वाटलं डबाच खराब, दुसरा फोडला, तसंच. त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

कारण असं की स्प्रेतला सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रव्य, झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवा आधीच ओली असली की त्या गार पृष्ठभागावर दव धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं तसंच. ते दव ओल्या रंगात अडकतं आणि रंग पांढुरका होतो. याला ब्लश म्हणतात. रंगाच्या कंपनीचा यात दोष नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, उघडीप पडली तरी हवा ओलीच असते, नुसतं ऊन बघून फसायचं नाही.

नागपंचमीच्या सुमाराला गणपतीच्या शाळेत पाट द्यायला गेलो तेव्हा बीटलची बॉडी पिशवीत घालून घेऊन गेलो. आमचे मूर्तिकार आबा भर श्रावणात, बाहेर धो धो पाऊस असताना मूर्ती रंगवतात, म्हटलं यांना माहीत असणार. त्यांनी बॉडी उजेडात धरली.

"हिका काय झाला?"

"पांढरी पडली आबा."

"पावसात मारलंस मा? ओली हवा रंगात बसली. आता घासू नको. सुकी हवा येयपर्यंत थांब."

त्यांचे रंग पाण्याचे, त्यामुळे ही साय त्यांना येत नाही, पण वाळायला वेळ लागतो म्हणून शाळेत हॅलोजन लावलेले असतात आणि एका कोटावर दुसरा मारण्याआधी ते मूर्तीला हाताची पालथी बाजू लावून बघतात, गार लागली तर अजून ओली. मी त्या दिवशी तीन तास तिथेच बसलो. डोळ्यांची आखणी चालू होती. ब्रशचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून टोकदार करायचं, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायची, श्वास सोडायचा आणि मग रेघ, बोटं न हलवता फक्त मनगट. घरी येऊन स्क्रॅप प्लास्टिकवर पन्नास-साठ रेघा मारल्यावर हात बसला, पुढे बीटलच्या खिडक्यांची काळी रबरं मी तशीच काढली. कुठल्याही व्हिडिओतून मला हे मिळालं नव्हतं.

तेव्हापासून माझं वर्ष ठरून गेलंय. बॉडी आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) फक्त मधल्या ऑक्टोबरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत. पावसात चॅसिस, सीट, डॅशबोर्ड, चाकं, सगळं पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकने आणि ब्रशने, म्हणजे लाईट गेली तरी खिडकीशी बसून काम चालतं. भिंतीवर छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणारं यंत्र, लावलाय, काही शे रुपयांचा, आणि माझ्या सगळ्या सामानात सगळ्यात उपयोगी तोच. आकडा ६५ च्या वर असला की लॅकर स्प्रेला, म्हणजे त्या सॉल्व्हंटवाल्या डब्याला, मी हात लावत नाही. जुलैत तो ९० च्या खाली क्वचित यायचा.

खराब झालेली बॉडी मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झाकण लावून बुडवून ठेवली, रंग सैल झाला, जुन्या टूथब्रशने निघाला, प्लास्टिकला काही झालं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात परत मारला. पातळ कोट, पंधरा मिनिटं थांब, परत पातळ कोट, असे चार. मग आठवडाभर हात नाही, मग २००० नंबरचा वॉटर पेपर आणि पॉलिश. आता टपात आमच्या पडवीचे वासे दिसतात.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग उडवणारं पेनासारखं हत्यार, मार्चमध्ये घेतला, ०.३ नोझल, छोट्या पिस्टन कॉम्प्रेसरसोबत. चांगला आहे पण मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी वाटी) नसलेला कॉम्प्रेसर कोकणात घेऊच नका. जुलैत एकदा नुसती टेस्ट केली तर तासाभरात ट्रॅपच्या वाटीत पाणी जमलं होतं, ते सगळं रंगात गेलं असतं. स्प्रूवरून पार्ट कापायचा निपर मात्र भारीतला घ्या, साध्या कटरने कापलं की प्लास्टिकला पांढरा डाग पडतो आणि तो रंगाखालूनही दिसतो.

किट मागवताना एकदा फटका बसला. ज्या ऑनलाइन दुकानातून मागवलं त्यांनी खोका नुसता पिशवीत गुंडाळून पाठवला, दाबला गेला, पुढची काच तडकली, मेल केले त्याला उत्तर नाही. शेवटी पारदर्शक ओएचपी शीट कापून काच केली. तेव्हापासून मागवायच्या आधी पॅकिंगचं विचारतो. स्प्रेचे डबे विमानाने घेत नाहीत, रस्त्याने येतात, त्यामुळे ते सप्टेंबरातच मागवून ठेवा.

एक गोष्ट मला फार आवडली ती सांगतो. तामिया ही जपानातल्या शिझुओकाची कंपनी, १९४६ ला सुरू झाली ती लाकडाचा धंदा म्हणून. मग लाकडी मॉडेल्स, आणि १९६० मध्ये पहिलं प्लास्टिकचं किट, यामातो युद्धनौका. आमच्या शेजारी सावंतवाडी आहे, चितार आळीत लाकडी खेळणी, फळं, गाड्या बनतात, लहानपणी माझ्याकडे तिथलीच लाल-पिवळी गाडी होती. ती अजून आहे, आता मिनीच्या शेजारी काचेच्या कपाटात ठेवलीय.

कपाटाबद्दल: खोके जमिनीवर ठेवू नका, बुरशी धरते आणि डेकलच्या (पाण्यात भिजवून गाडीवर लावायची चित्रं) कागदाला कसर लागते. डेकल शीट घरात आल्या आल्या झिपलॉकमध्ये, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट. पुड्या महिन्याने तापवून परत वापरायच्या. गणपतीत मुंबईहून भाचा आला होता, त्याने मिनी अर्धा तास हातात धरली, काही तोडलं नाही, आणि दिवाळीत परत यायचं कबूल केलंय. त्याच्यासाठी फियाट ५००एफ आणून ठेवलीय. बॉडी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळत घातलीय, आज सकाळी आकडा ६१ होता, प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) उद्या मारतोय म्हणजे तो येईपर्यंत कडक होईल.