उंच टँकला कुठला फिल्टर? स्पंज, हँगऑन की कॅनिस्टर

माझा माशांचा टँक दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे. हॉलच्या कोपऱ्यात लांबीला जागा नव्हती आणि एंजल मासे उंच पाण्यात छान वाढतात, म्हणून हा आकार घेतला. काठोकाठ भरला तर पावणेदोनशे लिटर पाणी बसतं. त्यावर आजवर तीन फिल्टर वापरले. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात उभं राहून तुम्ही याच तिघांत अडकला असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

तासाला किती लिटर, किती वॅट हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. उंच टँकची अडचण वेगळी आहे. पाणी पावणेदोनशे लिटरचं, पण हवेला लागणारा पृष्ठभाग लहान दोन फुटी टँकइतकाच. ऑक्सिजन पाण्यात मिसळतो तो मुख्यतः वरूनच. त्यामुळे तळाचं पाणी वर आणत राहील असा फिल्टर लागतो.

सुरुवात स्पंजने केली. तो तळाशी असतो, एअर पंपाची हवा त्यातून वर जाताना पाणी स्पंजमधून ओढलं जातं आणि गाळ त्यात अडकतो. स्वस्त आणि साधा, पिल्लं ओढली जाण्याची भीती नाही. लहान टँकला मी आजही डोळे मिटून स्पंजच सुचवेन. उंच टँकमध्ये मात्र पहिला प्रश्न एअर पंपाचा येतो. अडीच फूट पाण्याखाली हवा ढकलायला जोर लागतो. माझ्या जुन्या पंपाचे तळाशी जेमतेम चार बुडबुडे निघायचे. मोठा पंप आणला आणि ते सुटलं.

सुटलं नाही ते स्पंज धुणं. स्टुलावर उभं राहून, काठाला छाती टेकवून, खांद्यापर्यंत हात घातला की बोटं कशीबशी तळाला लागत. तेही चाललं असतं. पण स्पंज उचलला की महिनाभर धरून ठेवलेला गाळ तो सोडायला लागतो. बुटक्या टँकमध्ये तो वीतभर वर आला की बाहेर. इथे अडीच फुटांचा प्रवास, आणि वर येईपर्यंत निम्मा गाळ परत पाण्यात. एंजल पर मिटून कोपऱ्यात जाऊन उभे राहत, पाणी निवळायला पुढचा दिवस जाई. प्लास्टिकची पिशवी खाली नेऊन स्पंज आतच तिच्यात घालून पाहिला. त्याला दोन हात लागतात, आणि दोन्ही हात तळापर्यंत पोचत नाहीत. जी घाण काढायची तीच दर महिन्याला माशांच्या अंगावरून न्यायची, हे मला सहन होईना. माझा निर्णय खरं तर इथेच झाला. मोटरवाला इंटर्नल फिल्टर तळाशी लावलात तर तोही याच वाटेने वर येतो.

मग हँगऑन घेतला. तो बाहेर काठावर टांगलेला, त्यामुळे धुणं पाच मिनिटांचं. वरून पडणाऱ्या पाण्याने पृष्ठभाग हलता राहतो, हा उंच टँकला मोठाच फायदा. पण त्याची नळी आखूड. वरचंच पाणी ओढून वरच सोडतो, आणि तळाशी विष्ठा साचत राहते. जोडनळी लावून बराच फरक पडला, हे कबूल करायला हवं. आवाजाचं मात्र काही करता आलं नाही. एप्रिल-मेमध्ये पाण्याची पातळी थोडी उतरली की धार वाजायला लागते, आणि आमच्याकडे आई हॉलमध्येच झोपते. रोज रात्री तांब्याने पाणी भरायचं हे फार दिवस जमलं नाही. तुमचा टँक दीड फुटापर्यंत उंच असेल आणि झोपायची खोली वेगळी असेल, तर हँगऑन पुरेसा आहे असं मला वाटतं.

आता कॅनिस्टर आहे, म्हणजे टँकबाहेर खाली ठेवलेला बंद डबा. एका नळीने पाणी त्यात उतरतं, गाळून दुसरीने परत वर जातं. एवढ्या उंचीला पाणी चढवायला दांडगा पंप लागेल, असं मला एकाने सांगितलं होतं. तसं नसतं. नळ्या पाण्याने भरलेल्या असतात. एकीतून उतरणारं पाणी दुसरीतून चढणाऱ्याला तोलून धरतं, पंपाला फक्त नळीचं आणि मीडियाचं (डब्यातलं गाळायचं सामान, त्यावरच पाणी साफ ठेवणारे जिवाणू राहतात) घर्षण ओढावं लागतं. (सम्पमध्ये, म्हणजे टँकखाली ठेवलेल्या उघड्या फिल्टर-टाकीत, पंपाला पाणी खरोखर उचलावं लागतं, शिवाय काचेला भोक पाडणं आलं, भाड्याच्या घरात मी त्या वाटेला गेलो नाही.) ओढणारी नळी तळाजवळ ठेवली आहे. पाणी परत सोडणारी भोकांची नळी, म्हणजे स्प्रे बार, वर, पृष्ठभागाकडे किंचित वळवून. धुताना दोन्ही वॉल्व्ह बंद करायचे आणि डबा उचलून बाथरूममध्ये न्यायचा. गाळ नळीतून गेलेला असतो, माशांना पत्ताही लागत नाही. मीडिया टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात.

त्याचेही त्रास आहेत. किंमत जास्त. झाकणाच्या रबरी रिंगमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी पाणी झिरपतं, आणि खालच्या मजल्यावर छत ओलं झालं की काय होतं हे इमारतीत राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून मी डबा प्लास्टिकच्या टबात ठेवतो. दुसरं म्हणजे वीज. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा आमच्याकडे ती यायला काही तास लागले. बंद डब्यातला ऑक्सिजन तेवढ्यात संपतो. मी फिल्टर थेट चालू केला नाही. आधी डबा उघडला, तर कुबट वास येत होता. ते पाणी ओतून दिलं, मीडिया खळबळला आणि मगच बटण दाबलं. तुम्हीही तसंच करा.

त्या दिवसानंतर एक लहान स्पंज फिल्टर परत लावला आहे, पण तळाशी नाही. पृष्ठभागाखाली वीतभर, सक्शन कपने काचेला चिकटवलेला. एवढ्या कमी खोलीला बॅटरीवरचा लहान एअर पंपही सहज चालतो, आणि धुवायला काढताना फक्त मनगट भिजतं.