व्हीएमए लॉकसोबत आठ महिने: पेज फॉल्टची रांग सुटली, एममॅपची राहिली

आमचा सर्व्हर लिनक्सवर एकाच प्रोसेसमध्ये दोनशेच्या आसपास थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) चालवतो. ६४ कोअरच्या मशीनवर लोड चढला की सीपीयू रिकामे दिसायचे आणि विनंत्या मात्र ताटकळायच्या. पर्फ या मोजमापाच्या साधनाने लॉकवरचा खोळंबा मोजला, तर बहुतेक सगळे थ्रेड एकाच दारात उभे होते: एममॅप लॉक. प्रोसेसच्या मेमरी पत्त्यांच्या अख्ख्या नकाशाला हे एकच लॉक. पेज फॉल्ट (हवं ते मेमरीचं पान अजून जोडलेलं नसल्याने येणारा अडथळा) ते वाचनासाठी घेतो, एममॅप आणि अनमॅप (मेमरीचा पट्टा मागणं आणि परत करणं) लेखनासाठी. वाचक अनेक एकत्र चालतात, लेखक मात्र एकटाच. एक लेखक रांगेत लागला की त्याच्यामागून आलेले वाचकही अडकतात.

आठ महिन्यांपूर्वी आम्ही लिनक्सचा ५.१५ कर्नल (सिस्टिमचा गाभा) सोडून ६.६ घेतला, तो मुख्यतः व्हीएमए लॉकसाठी, म्हणजे मेमरीच्या प्रत्येक पट्ट्याच्या वेगळ्या लॉकसाठी. ही सोय २०२३ मध्ये ६.४ ला आली. पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत फोर्कच्या (प्रोसेसची प्रत काढण्याच्या) वेळी मेमरी बिघडण्याचा दोष निघाला होता, म्हणून आम्ही थांबलो. थांबलो ते बरं केलं.

आता पत्त्यांच्या प्रत्येक पट्ट्याला, म्हणजे व्हीएमएला, स्वतःचं लॉक आहे. फॉल्ट आला की कर्नल मेपल ट्री या पट्ट्यांच्या यादीत तो पट्टा शोधतो आणि तेवढंच लॉक घेतो. यातली लेखकाची बाजू मला फार आवडली. लेखक ज्या पट्ट्याला हात लावणार, त्यावर प्रोसेसचा चालू क्रमांक लिहून ठेवतो. दोन्ही क्रमांक जुळले तर पट्टा बंद. काम आटोपलं की प्रोसेसचा क्रमांक एकाने वाढतो आणि खूण केलेले सगळे पट्टे एकदम मोकळे होतात. एकेक सोडत बसायला नको.

पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला. पर्फच्या यादीतून पेज फॉल्टची वाट जवळपास नाहीशी झाली. मेमरीची तपशीलवार पाहणी करणारा आमचा एजंट दर काही सेकंदांनी प्रॉकमधली (कर्नल आपली माहिती दाखवतो त्या फोल्डरमधली) एसमॅप्स फाइल, म्हणजे पट्ट्यागणिक मेमरीचा हिशेब, वाचतो. पूर्वी त्या क्षणी सगळ्या सर्व्हरला उचकी लागायची. आता फॉल्ट बिनबोभाट चालू राहतात.

पण एममॅप करणारे थ्रेड त्या वाचनामागे अजूनही थांबतात, कारण मोठं लॉक कुठे गेलेलं नाही. शेवटी आम्ही एजंटला एसमॅप्स रोलअप (त्याच हिशेबाची एकत्र बेरीज) वाचायला लावलं. ते कोणी लेखक खोळंबलेला दिसला की मध्येच लॉक सोडतं.

तिसऱ्या महिन्यात वेगळंच सापडलं. प्रॉकमधल्याच व्हीएमस्टॅट फाइलीत व्हीएमए लॉक मिळाल्याचे आणि ते सोडून मोठ्या लॉककडे माघार घेतल्याचे आकडे असतात, अर्थात कर्नल बांधताना तो पर्याय चालू ठेवला असेल तर. आमच्या माघारी अपेक्षेपेक्षा खूप जास्त होत्या. कारण असं, की नव्या अनामिक (कुठल्या फाइलीशी न जोडलेल्या) पट्ट्याला अजून अॅनॉन व्हीएमए (त्याच्या पानांची नोंद ठेवणारी रचना) जोडलेला नसेल, तर ६.६ मध्ये त्यावरचा पहिला फॉल्ट जुन्याच एममॅप लॉकवर परततो. पट्टा दीर्घकाळ जगणारा असेल तर हे एकदाच घडतं. आमचे पट्टे जन्मताच मरत होते.

ते येत कुठून होते? थ्रेडच्या स्टॅकमधून, म्हणजे प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या कामाच्या मेमरीतून. जीलिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) संपलेल्या थ्रेडचे स्टॅक पुन्हा वापरायला साठवते, पण तो साठा मुळात ४० एमबीचा. आमचा प्रत्येक स्टॅक ८ एमबीचा. म्हणजे पाच स्टॅक राहिले की साठा भरला, बाकीचे थेट अनमॅप! आमचे छोट्या कामांचे थ्रेड सेकंदाला शेकड्यांनी जन्मत आणि संपत; दरवेळी एममॅप, गार्ड पानासाठी (स्टॅकच्या टोकाच्या राखणीच्या पानासाठी) एमप्रोटेक्ट, म्हणजे परवानग्या बदलणं, मग अनमॅप, आणि वर इतर कोअरचे टीएलबी (पत्त्यांचे जवळ ठेवलेले उतारे) झाडण्याची उठाठेव. कायमचा थ्रेड पूल (तेच थ्रेड पुन्हा पुन्हा वापरणारा गट) केला आणि स्टॅक ५१२ केबीवर आणला. पूल बसवल्याच्या रात्री लोड दिला तेव्हा माघारीचा आकडा जवळजवळ हलेना. मी तो स्क्रीनवर बराच वेळ पाहत बसले.

फक्त कर्नल बदलून एवढा फायदा मिळाला असता का? अर्धाच. ज्यांचा प्रोग्राम सुरुवातीला मेमरी घेतो आणि मग तीच वापरतो, त्यांना नवा कर्नल पुरेल. सतत एममॅप-अनमॅप करणाऱ्यांनी आधी आपला अॅलोकेटर (प्रोग्रामला मेमरी वाटून देणारा भाग) आणि थ्रेडची ये-जा तपासावी. जीलिबसीच्या दुय्यम अरिनासुद्धा (थ्रेडना वाटायच्या मेमरीचे जादा साठे) वाढताना एमप्रोटेक्ट करतात, म्हणजे लेखन लॉक घेतात. हे आमच्याकडे अजून शिल्लक आहे. पुढच्या महिन्यात अरिनांची संख्या मर्यादित करून एका मशीनवर मोजणार आहे.