फटी बुजवाव्यात की भीती घालवावी? घरच्या वर्कशॉपमधल्या सापाचा हिशेब

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी, घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या अंगाला, नवी मुंबईत बेलापूरला पारसिक टेकडीलगत किंवा खारघरला डोंगराकडच्या सेक्टरांत तळमजल्यावर घर असेल, तर मागची खोली किंवा पत्र्याची शेड हत्यारांना देता येते. या शहरांत हे मोठंच भाग्य. पण पाऊस सुरू झाला की काही जणांचं त्याच खोलीत पाऊल पडत नाही. दारातूनच टॉर्च मारायचा, काठीने फळ्या ठोकायच्या आणि शेवटी ‘उद्या बघू’ म्हणत दार ओढून घ्यायचं. अशा माणसाने वेळ आणि पैसा कशावर घालावा?

वाटा चार दिसतात: साप पळवणारं औषध, भाड्याचा गाळा, खोली नीट बंदिस्त करणं आणि भीतीवर उपचार. माझ्या मते खरी निवड शेवटच्या दोनांतच आहे. त्यामुळे पहिल्या दोन आधी उरकून घेते.

औषध आणि गाळा

कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल. त्याच्या उग्र वासाने साप वाट बदलतो, असं सगळे सांगतात, पण त्याला भरवशाचा आधार नाही. फिनॉल कातडीला भाजतं आणि कातडीतून अंगातही शिरतं, हे मात्र पक्कं. ज्या बंद खोलीत तासन्‌तास वाकून रंधा मारायचा, तिथे ते शिंपडणं हा उलटा धंदा झाला. डांबराच्या गोळ्या आणि गंधक यांचाही सापांवरच्या चाचण्यांत प्रभाव दिसलेला नाही. जमिनीत रोवायचे, कंपनं सोडणारे सौर खांबही मिळतात. रेल्वेरुळांच्या कडेच्या खडीतही साप राहतात, तिथे या खांबाची काय मातब्बरी?

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतला गाळा व्यवसाय करणाऱ्याला परवडेल. रविवारी स्टूल बनवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. शिवाय उंदीर तिथेही काही कमी नाहीत.

खोली बंदिस्त करणं

साप तुमच्यासाठी येत नाही. तो उंदीर, बेडूक आणि पालीमागे येतो, नाहीतर कोरडा अडोसा शोधत येतो. पावसात बिळांत पाणी शिरतं. त्यातच जून-जुलैच्या सुमारास नागाची आणि धामणीची पिल्लं अंड्यांतून बाहेर पडतात. घोणस तर अंडी न घालता पिल्लंच घालते. म्हणून मोठा साप कुठून येईल एवढंच पाहून चालत नाही. पेन्सिल शिरेल एवढी फट पिल्लाला पुरते.

गवंडी आणि प्लंबरकडून तीन जागा करून घ्यायच्या. पहिली दाराखालची फट. हल्लीच्या घरांत मागच्या दाराला उंबराच नसतो. दगडी पट्टीचा उंबरा बसवून दार त्यावर नीट टेकेल असं करणं सगळ्यांत टिकाऊ. ते शक्य नसेल तर दाराला ॲल्युमिनियमच्या पट्टीतला दाट ब्रश लावावा, कारण नुसतं रबर उंदीर कुरतडतात. दुसरी मोरी. नहाणी ट्रॅपवरची जाळी स्क्रूने घट्ट बसलेली हवी, सहज उचलता येणारी नको. तिसरी म्हणजे वायर आणि पाइपसाठी भिंतीत पाडलेली भोकं. फोम मारून ती बंद झाली असं समजू नका, सिमेंटच भरा. खिडकी आणि एक्झॉस्टला पाव इंची लोखंडी जाळी पुरते.

पण गवंडी गेल्यावर जे काम उरतं ते जास्त महत्त्वाचं, आणि तेच टाळलं जातं. सुतारकामाचा नाद असलेला माणूस तुकडे टाकत नाही. अर्ध्या शीटचा प्लाय, सागाची चौकट, ‘कधीतरी लागेल’ अशी बीडिंगची पट्टी, सगळं भिंतीला तिरकं टेकवलेलं असतं. त्यामागे तयार झालेला तिकोनी बोळ अंधारा, कोरडा आणि कुणीच हात न लावणारा. शेजारी भुशाची गोणी. उंदराला घर थाटायला आणखी काय हवं? आणि उंदीर आला की मागोमाग धामण आलीच. लोखंडी अँगलची मांडणी भिंतीपासून वीतभर सोडून आणि जमिनीपासून फूटभर वर लावा. खालून झाडू आरपार फिरला पाहिजे. भुसा आठवड्याला बाहेर काढा.

आडवी पडलेली फळी उचलायचीही एक रीत आहे. खाली बोटं घालायची नाहीत. पलीकडची कड आकड्याने वर घ्यायची, म्हणजे उघडणारं तोंड तुमच्यापासून लांब राहतं आणि मध्ये फळी येते.

दारावरच्या दिव्याचाही विचार करा. पांढऱ्या ट्यूबवर किडे जमतात, किड्यांवर पाली येतात आणि पालींवर कवड्या. हा बिनविषारी साप खडबडीत भिंत सहज चढतो. पिवळा दिवा दारापासून थोडा लांब लावला तर ही वर्दळ बरीच घटते.

एवढं करूनही पत्र्याची शेड पूर्ण बंद होत नाही, कौलारू छप्पर तर नाहीच. दुसरी अडचण याहून चिवट आहे: ज्याला मुळातच जबर भीती आहे, त्याचा बुजवलेल्या फटीवर विश्वास बसत नाही.

भीतीवर काम

सापापासून जपून राहणं वेगळं आणि ही भीती वेगळी. फोटो दिसला तरी घाम फुटतो, मोबाइलवर व्हिडिओ आला की फोन हातातून टाकावासा वाटतो, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतही पलंगाखाली पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. इथपर्यंत मजल गेली असेल तर प्रश्न खोलीचा नाही.

वर्कशॉपमध्ये या भीतीचा धोका मला सापापेक्षा मोठा वाटतो. सर्क्युलर करवत चालू आहे, कोपऱ्यात पिशवी सळसळली, मान तिकडे वळली आणि हात पात्याजवळ. ग्राइंडर हातात असताना दचकणं म्हणजे काय, ते ज्याने ग्राइंडर धरलाय त्याला सांगायला नको.

आनंदाची गोष्ट म्हणजे मानसोपचारात लवकर बऱ्या होणाऱ्या तक्रारींत अशा ठरावीक भीती मोडतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सापाला घाबरणाऱ्या लोकांवरच प्रयोग केले. आधी दुसऱ्याने साप हाताळताना पाहायचं, मग त्याच्या मदतीने स्वतः जवळ जायचं. ही पद्धत नुसतं पाहण्यापेक्षा सरस ठरली. पुढे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये एकाच बैठकीचा उपचार मांडला. ती बैठक जास्तीत जास्त तीन तासांची.

रीत साधी आहे, सोपी नाही. आधी रेखाचित्र, मग फोटो, मग व्हिडिओ, मग काचेपलीकडचा जिवंत साप. प्रत्येक पायरीवर भीती ओसरेपर्यंत थांबायचं, कारण घाबरून मध्येच उठलं की भीतीचंच बळ वाढतं. काचेमागच्या सापासाठी पुण्याचं कात्रजचं सर्पोद्यान सोयीचं आहे. मेव्हण्याने गंमत म्हणून अंगावर रबरी साप फेकणं हा उपचार नव्हे, त्याने आणखी वर्षभराची बेगमी होते.

मानसशास्त्रज्ञाची वेळ घेताना फोनवरच विचारा, ‘तुम्ही एक्स्पोजर, म्हणजे भीतीला असं पायरीपायरीने सामोरं नेणं, करता का?’ नुसत्या गप्पा आणि झोपेच्या गोळ्या मिळणार असतील तर दुसरीकडे जा. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

या पर्यायाची खोट अशी की भीती गेली म्हणून दाराखालची फट बुजत नाही. उलट नव्याने धीट झालेला माणूस प्लायमागे उघडा हात घालतो. घोणशीची थोडी धास्ती राहिलेलीच बरी.

ओळख शिकणं कुठे बसतं?

दोन्हींच्या मधे. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या ओळी असतात, तर बिनविषारी डुरक्या घोणशीची शेपटी आखूड. एवढं कळलं तरी ‘लांबडं निघालं’ म्हणून उडणारा गोंधळ कमी होतो. पण ओळख पटली म्हणून हात लावायचा नाही.

मग आधी काय?

खोलीत साप किंवा कात खरोखर सापडली असेल, घरात रांगतं मूल असेल किंवा शेड थेट झाडीला लागून असेल, तर आधी खोली. यात चर्चा नको. पण पक्की स्लॅबची खोली असून, आजवर काही न निघताही आत जाववत नसेल, तर गवंड्यावर पैसे घालवू नका. एक फट बुजली की मन दुसरी शोधून काढतं.

दोन्ही करायचं असेल तर मे महिन्यात खोली घ्या. मात्र कामगारांवर सगळं सोपवून घरात बसू नका. बूट आणि जाड हातमोजे घालून, कुणाला तरी सोबत घेऊन, प्लायचा ढीग स्वतः हलवा. भिंतीपर्यंतची रिकामी फरशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं हीसुद्धा उपचाराची एक पायरीच आहे, आणि तिची फी लागत नाही.

काहीही निवडलं तरी वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आणि जवळच्या सर्पमित्राचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. साप दिसला तर दुरून नजर ठेवा. मारू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. दुपारी थकून वर्कशॉपच्या फरशीवर आडवं पडायची सवय असेल तर ती मोडा, रात्री तर मुळीच नको: मण्यार रात्री फिरते, तिचा दंश बरेचदा दुखतही नाही, माणूस झोपेतच राहतो. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते, त्यामुळे साप पकडून डॉक्टरांना दाखवायला नेण्याच्या भानगडीत पडू नका. ही लस तुमच्या जवळच्या कोणत्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात रात्रीही मिळते, ते पावसाळ्याआधी फोन करून विचारून घ्या.