राजवाड्याजवळचं लव्हेंडर तेल, दोन महिने वापरून
आईला रात्री झोप लागत नव्हती म्हणून साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका छोट्या दुकानातून लव्हेंडर तेलाची १० मिलीची बाटली आणली. दुकानदार काकांनी आधी कागदावर एक थेंब टाकला, म्हणाले थोडा वेळ थांबा, तेलकट डाग राहिला तर समजायचं साध्या तेलाची भेसळ आहे, आणि खरंच, थोड्या वेळाने कागद कोरडा, नुसता वास. बाटली तपकिरी काचेची, कारण उजेडाने तेल खराब होतं.

आता आई झोपताना रुमालावर २ थेंब टाकून उशीजवळ ठेवते, तिचं रात्री उठून बसणं बरंच कमी झालंय आणि सकाळी चेहरा एवढा मोकळा दिसतो की बघूनच बरं वाटतं. औषध नाहीये हे, बीपीची गोळी चालूच आहे, पण मन शांत होतं तिचं.

थेट अंगाला मात्र लावू नका, मी मानेला तसंच चोळलं आणि लाल चट्टे उठले. ३० मिली खोबरेल तेलात १०-१२ थेंब पुरे. पोटात तर अजिबात नाही, आणि निलगिरीचं तेल बाळाच्या नाकाजवळ नको. पुढच्या वेळी तिथूनच गवती चहाचं घेणार आहे.