सनदेची फी की कनिष्ठांचे विद्यावेतन?

वकिलीत दलित, आदिवासी आणि पहिल्या पिढीतील मुलामुलींना स्थान मिळावे यासाठी २०२४ मध्ये दोन वाटा पुढे आल्या. पहिली प्रवेशाची: ३० जुलैच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अधिवक्ता अधिनियमातील रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क सनदेसाठी (वकिलीच्या परवान्यासाठी) घेता येणार नाही. हा हुकूम बंधनकारक आहे, मात्र त्याआधी भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.

दुसरी वाट टिकून राहण्याची. ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेने, वरिष्ठ वकिलांनी आपल्या हाताखालच्या कनिष्ठांना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचवले. ही केवळ शिफारस आहे. तालुक्याच्या न्यायालयात ज्यांची स्वतःची मिळकतच बेभरवशाची, ते वरिष्ठ ती कितपत पाळतील, ही शंका रास्तच.

तरीही माझ्या मते खरी गळती टिकून राहण्याच्या टप्प्यावरच होते. सनद एकदाच काढायची असते, परंतु खोलीभाडे, एसटीचा पास आणि काळ्या कोटाची धुलाई दरमहा असते. दिवसभर पुढच्या तारखा टिपून, मुदतीचे अर्ज लिहून संध्याकाळी हातात केवळ चहाचे पैसे पडले, तर घरून पैसे येणाराच तग धरतो. (वडिलोपार्जित कार्यालय असलेल्यांना हा हिशेब कधी मांडावाच लागत नाही.) म्हणून शुल्कमर्यादा आवश्यक असली, तरी एकच निवडायचे झाल्यास मी सक्तीचे आणि काही अंशी वकिलांच्या कल्याण निधीतून दिलेले विद्यावेतन निवडेन.