कॅनॉपीला पांढरा गोंदच: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. १/७२ प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेल विमानांच्या कॅनॉपी (कॉकपिटवरची पारदर्शक काच), खिडक्या, लँडिंग लाइटच्या काचा यांना साधा पांढरा पीव्हीए गोंद पुरतो. गेले कित्येक महिने, त्यात ठाण्याचा अख्खा पावसाळा आला, मी फेव्हिकॉल एमआर आणि एक आयात केलेला कॅनॉपी ग्लू आलटून पालटून वापरतोय.

'पण पांढरा गोंद कच्चा ना?' असं हमखास विचारलं जातं. असू दे की! कॅनॉपीवर भार कसला येतो? ती जागेवर राहिली आणि स्वच्छ दिसली की झालं. इन्स्टंट ग्लू पक्का खरा, पण त्यातल्या सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसते आणि ओलाव्यामुळे तिथेच घट्ट होऊन पांढरा थर धरते. फॉरेन्सिकवाले बोटांचे ठसे उठवायला हीच वाफ वापरतात, यावरून काय ते समजा. बंद कॉकपिटमध्ये हा थर आतून बसला तर पुसणार कुठून? टामिया एक्स्ट्रा थिन या मॉडेल जोडायच्या पातळ गोंदाची, म्हणजे सिमेंटची, गोष्ट वेगळी. त्यातलं अ‍ॅसिटोन आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट प्लास्टिक विरघळवतं, आणि पातळ असल्याने ते फटीतून पळत नको तिथे पोचतं. पारदर्शक प्लास्टिक तसंही ठिसूळ. ताण असेल तर केसासारख्या भेगा पडतात.

पीव्हीए टूथपिकने लावायचा, काच बसवायची, बाहेर आलेला ओल्या इअरबडने पुसायचा. चुकलं तर सगळं धुऊन पुन्हा सुरुवात. रंगवलेल्या कडेवरही तो धरतो, सिमेंटला मात्र उघडं प्लास्टिक लागतं. पावसाळ्यात सुकायला वेळ फार घेतो. मी मॉडेल सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात घालून रात्रभर तसंच ठेवतो.

आता त्रासाचं. रंग लागू नये म्हणून लावलेली मास्किंग टेप ओढताना कॅनॉपी टेपबरोबर उचलून येते, म्हणून टेप कडेला समांतर, हळू काढायची. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) बसवताना पाणी सांध्यात शिरलं तर वाळलेला गोंदही मऊ पडतो. आणि वाळताना तो आकसतो, त्यामुळे मोठी फट बुजवायला त्याचा उपयोग नाही.

आयात बाटली लवकर चिकटते आणि जाड थरातही जास्त पारदर्शक राहते, हे कबूल. पण किंमत बघता ती फक्त कडेचा गोंद उघडा दिसणार असेल तिथेच काढतो. मी पुन्हा मागवेन असं वाटत नाही.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. हाइन्केल १११ सारख्या बॉम्बरचं काचेचं नाक धडाशी सलग दिसायला हवं. तिथे पुटी (फट बुजवायचा लेप) भरून घासावी लागते. पीव्हीएवर सँडपेपर चालवलात तर सांधा रबरासारखा हलतो आणि सुटतो. अशा जागी पातळ सिमेंटच, तेही आतल्या बाजूने, ब्रश बाटलीच्या काठावर पुसून जवळजवळ कोरडा केल्यावर.

वाहतूक विमानांच्या चिमुकल्या गोल खिडक्यांना तर काच बसवतच नाही. टूथपिकने पीव्हीएचा पडदा भोकावर ओढला की वाळून तोच खिडकी होतो. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत छान जमतं, त्यापुढे पडदा फुटतो.